मिरजेहून आणलेला अँप्लिफायर

"वैनी, तोंड स्पीकरकडं करा आणि पाठ आमच्याकडं. आणि मागं वळून बघायचं न्हाई हं, साहेबांचा नियम हाय," हमजाभाई म्हणाले आणि त्यांनी एक लाकडी खुर्ची ओढून खोलीच्या बरोब्बर मधोमध ठेवली.

"नियम माझा नाही, शास्त्राचा आहे," हे म्हणाले.

"बरं, शास्त्रीबुवा," मी म्हटलं आणि पदर सावरून बसले.

मिरजेतली ती माडी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. हमजाभाईंच्या घराण्यात तंबोरे करायचा धंदा. खाली दुकानात भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, धाकटे भाऊ तारा लावत बसलेले. हमजाभाईंनी मात्र तरुणपणीच रंधा टाकून सोल्डरिंग हातात घेतलं. वरच्या माडीवर त्यांचा संसार म्हणजे जुने रेडिओ, टेप, रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायर. माणसाला बसायला एक खुर्ची, बाकी सगळी जागा यंत्रांची. आमचे हे तिथे गेले की देवळात गेल्यासारखे चप्पल काढून आत जायचे.

हे म्हणजे अरविंद शेटे, वीज मंडळातून इंजिनिअर म्हणून निवृत्त. आयुष्यभर गावाला वीज दिली आणि उरलेली घरात गाणी ऐकण्यात घालवली. मी शैलजा, कऱ्हाडच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. त्या दिवशी आम्ही एक जुना अँप्लिफायर निवडायला आलो होतो. म्हणजे हे पैसे देणार आणि मी निवडणार.

माझ्या पाठीमागच्या टेबलावर दोन डबे मांडले होते. एक इंग्लिश, काळा, चपटा, समोर मोजून तीन बटणं. दुसरा जपानी, चकचकीत रुपेरी तोंडाचा, अंगावर लाकडी पेटी, त्यावर बटणं आणि खटके इतके की विमान चालवता येईल. दोन्ही चाळीस-चाळीस वर्षांचे. कंपन्यांची नावं मी मुद्दाम सांगत नाही. ह्यांच्यासारखे वेडे अजून शिल्लक आहेत, नाव ऐकलं की लगेच फोन करून विचारतात, देणार का.

"एक," हे मागून म्हणाले आणि सारंगीची तबकडी सुरू झाली.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. माझा उजवा कान तेव्हा ठार बहिरा होता. दीड वर्ष झालं होतं. आणि ह्यांना त्याचा पत्ता नव्हता.

तुम्ही म्हणाल, एका घरात राहून नवऱ्याला कळत नाही म्हणजे काय! अहो, लपवायचं ठरवलं की बाई हत्ती लपवते, हा तर कान. झोपाळ्यावर मी नेहमी उजव्या टोकाला बसायची, म्हणजे हे डावीकडे यायचे. रस्त्यात ह्यांच्या उजवीकडून चालायची. फोन डाव्या कानाला. गाडीत मात्र पंचाईत. गाडी हे चालवणार, म्हणजे माझ्या उजवीकडे बसणार. मग मी मागच्या सीटवर बसायला लागले. "पुढे एसीचा वारा तोंडावर येतो," म्हणायची. रात्री डाव्या कुशीवर झोपले की जग बंद. ह्यांच्या घोरण्यापासून सुटका, एवढाच काय तो फायदा झाला.

पण इतका आटापिटा कशासाठी? कारण आमच्या घरात कान माझा होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. ह्यांनी ओट्यावर सगळा पसारा मांडून एक अँप्लिफायर जोडला होता, भाकऱ्या मी जमिनीवर बसून थापत होते. ह्यांनी आत कसला तरी तुकडा बदलला आणि म्हणाले, "आता ऐक, केवढा फरक पडलाय!" मी म्हटलं, "पडलाय. आधीचं बरं होतं. आता सारंगी नाकात बोलतेय." हे माझ्याकडे बघतच राहिले. मग मुकाट्याने जुना तुकडा परत बसवला, ऐकला आणि म्हणाले, "च्यायला, खरंच की!" मी लहानपणी सात वर्षं गाणं शिकले होते, गळा बेताचाच, पण कान बाईंनी घासूनपुसून दिला होता. त्या दिवसापासून ह्यांच्या सगळ्या गोतावळ्यात एक वाक्य रूढ झालं. काहीही नवं आणलं की म्हणायचे, "थांबा, शैलाला विचारू." मग मला असं पाठमोरी बसवायचं, मागे एक, दोन म्हणत डबे बदलायचे आणि मी सांगायचं. बत्तीस वर्षं हा खेळ चालला. बक्कळ शिकलेली माणसं गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघायची. गणिताच्या मास्तरणीला दुसरीकडे कुठे एवढा मान मिळायला!

कान गेल्यावर मी हळूहळू दिवाणखान्यात बसायचं सोडलं. ह्यांची मोठी सिस्टिम तिथे होती. रोज काही ना काही सबब काढायची. दूध उतू जातंय, वह्या तपासायच्या आहेत, कंबर धरलीय. हे एकटेच बसायचे. बाहेर आले की तोंड उतरलेलं असायचं. मला ते दिसायचं, पण करणार काय! शेवटी एक दिवस हे झोपाळ्यावर येऊन म्हणाले, "शैला, तुला त्या दिवाणखान्यात परक्यासारखं होतं का गं? तिथे सारखी माझी मित्रमंडळी, माझा पसारा. आपण तुझ्या मागच्या खोलीत दुसरी सिस्टिम लावू. लहानशी. जुना, प्रेमळ आवाजाचा अँप्लिफायर घेऊ. सगळं एकाच डब्यात, दोन बटणं दाबली की गाणं. पण तूच निवडायचा हं. तू परत ऐकायला बसलीस की मला बाकी काही नको."

नको म्हणावं तर का, ते सांगावं लागणार. हो म्हणावं तर परीक्षेला बसावं लागणार. मी हो म्हटलं.

तर अशी मी त्या खुर्चीत बसले होते, देवाचा धावा करत.

"आता दोन," हे म्हणाले.

एका कानानेही आवाजाचा पोत कळतो बरं का. गोड, कोरडा, पोकळ, ते मला अजून कळायचं. कळायचं नाही ते एवढंच की कुठलं वाद्य कुठे बसलंय. पूर्वी डोळे मिटले की सारंगीवाला डावीकडे, तबला उजवीकडे, गवई मधे, अशी सगळी मैफल समोर मांडलेली दिसायची. आता सगळे एकाच गोणीत भरल्यासारखे. त्यामुळे मी ठरवलं होतं की फक्त पोताबद्दल बोलायचं, जागेबद्दल ब्र काढायचा नाही.

"पहिला जरा सडपातळ आहे," मी म्हटलं. "मास्तरांसारखा. चूक नाही, पण माया नाही. दुसरा भरलेला आहे."

"बघा!" हमजाभाई मागून म्हणाले. "मी सकाळपास्नं साहेबांना हेच सांगतोय."

"तुमचं मत कोण विचारतंय? तुम्हाला दोन्ही विकायचेत," हे हसून म्हणाले. "शैला, आणखी एकदा. आता मधे क्रम बदलतो. लक्ष दे."

मागे खटके खालीवर झाले. तबकडीवर पुन्हा सुई टेकली. सारंगी सुरू झाली. मी नीट ऐकलं. जपानीच होता, शंका नाही. मघापेक्षा किंचित हळू लावला होता, एवढाच फरक. मला एकदम धीर आला. पास होणार असं दिसलं की पोरं कशी हात वर करकरून उत्तरं देतात, तसं झालं माझं. नको तेवढं बोलले.

"हाच!" मी म्हटलं. "मघापेक्षासुद्धा आता छान वाटतोय. सगळा आवाज कसा नीट जागच्या जागी बसलाय. दोन्हीकडून सारखा, भरून आलाय. हाच घ्या, आता दुसरा लावूच नका."

मागे कोणी काही बोललं नाही. खुर्ची का स्टूल, काहीतरी सरकलं. सारंगी वाजत राहिली. मला वाटलं, मोठ्या माणसांचा विचार चाललाय.

"साहेब, जरा तो खटका..." हमजाभाईंचा आवाज आला.

"राहू द्या," हे म्हणाले.

"न्हाई पण, नुसता हलवला की..."

"राहू द्या म्हटलं ना." मग थोडं थांबून, "शैला, हाच ना? नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

"बांधा हो, हमजाभाई. आहे तसाच बांधा. कशाला हात लावू नका."

मी वळून बघितलं. हे टेबलाला टेकून उभे होते, चेहरा लाल झालेला. माडीवर पत्रा होता, उकडत होतं, मला त्यात काही वाटलं नाही. हमजाभाई खाली मान घालून गोणपाट शोधत होते. चहा आला. तो देताना हमजाभाई मघापासून ज्या बाजूला उभे होते ती सोडून वळसा घालून माझ्या डावीकडे आले आणि म्हणाले, "घ्या वैनी. साखर कमी घातलीया." केवढा अदबशीर माणूस, असं मी मनात म्हटलं. काय अक्कल माझी!

अँप्लिफायर मागच्या सीटवर बसला. पोत्यात गुंडाळून, दोन्हीकडून उशा लावून, वर पट्टा बांधून. म्हणजे मला पुढे बसणं आलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. हे बोलले तर चेहरा दिसेल म्हणून मधेमधे वळून बघायची, पण हे समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. एरवी असं काही घेतलं की कऱ्हाडपर्यंत ह्यांची टकळी बंद होत नाही. म्हटलं, दमले असतील.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत सगळं लागलं. झोपाळ्यासमोर दोन लहान स्पीकर, मधे तो रुपेरी डबा. आणि ह्यांनी रोज संध्याकाळी माझ्याबरोबर बसायचं सुरू केलं. मी उजव्या टोकाला, हे डावीकडे. एकोणीस दिवस. रोज एक तबकडी. रोज हे म्हणायचे, "काय भरलेला आवाज आहे गं! तू निवडलास तो." मी फुलून जायची. दीड वर्षांनी आम्ही दोघं एकत्र गाणं ऐकत होतो. माझं गुपित शाबूत होतं, ह्यांचं तोंड उजळलं होतं. आणखी काय पाहिजे?

विसाव्या दिवशी हे पेन्शनच्या दाखल्यासाठी बँकेत गेले होते. मी एकटीच तबकडी लावली आणि ओल्या फडक्याने धूळ पुसायला घेतली. डावा स्पीकर पुसला. त्याच्या कापडावर हात ठेवला की आतला थरथराट तळव्याला लागायचा. मग उजवा पुसला. हात ठेवला. काही नाही. दगडावर हात ठेवल्यासारखं. मी गुडघ्यावर बसून डावा कान त्या कापडाला लावला. शांत! चुकून आवाज बंद झाला की काय म्हणून मी डाव्या स्पीकरकडे गेले. तिथे सारंगी मजेत चालली होती.

पहिल्यांदा वाटलं, बिघडला वाटतं. जुनं यंत्र, आज ना उद्या व्हायचंच. पण ह्यांना सांगणार कसं? ह्यांना काल संध्याकाळी कळायला हवं होतं. कळलं नाही तर ह्यांच्या कानाला काय झालं? मग मिरजेची ती शांतता आठवली आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मी फोन लावला.

"हमजाभाई, कऱ्हाडहून शैलजा शेटे बोलतेय. तो अँप्लिफायर... उजवीकडचा स्पीकर बंद आहे."

पलीकडे काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"कधीपासून बंद आहे, हमजाभाई? खरं सांगा. तुम्हाला तुमच्या तंबोऱ्यांची शपथ."

"वैनी, शपथ कशाला घालता?" ते हळू बोलले. "तुम्ही 'हाच' म्हणालात तवाच बंद होता. जुन्या खटक्यात गंज धरतो, एक बाजू जाते. जरा हलवला की लागते परत. मी हात घातला तर साहेबांनी माझं मनगट धरलं. असं धरलं वैनी, की दोन दिवस दुखत होतं. आणि डोळ्यांनीच म्हणाले, गप. मग मी काय बोलणार?"

"तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"उजवीकडनं आवाज न्हाई, आणि वैनी म्हणतात दोन्हीकडून सारखा. कळंल न्हाई का? माझी आईबी तशीच होती, एका कानानं."

फोन ठेवला आणि जमिनीवर बसून मी रडले. लाज वाटली म्हणून रडले. चार लोकांत नाक कापलं गेलं आणि आपण तिथेच बसून चहा प्यायलो, म्हणून रडले. आणि मग एक वेगळंच सुचलं. हा माणूस, ज्याला शेजारच्यांचा फ्रिज सुरू झाला तरी गाणं ऐकताना त्रास व्हायचा, पंखा बंद करून घामाघूम होत बसायचा, तो एकोणीस दिवस अर्धं गाणं ऐकत होता. आणि 'काय भरलेला आवाज आहे' म्हणत होता. मग मी जास्तच रडले.

संध्याकाळी हे झोपाळ्यावर येऊन बसले. मी तबकडी लावली नाही.

"आज काय, उपास?" हे म्हणाले.

"उजवा स्पीकर बंद आहे."

ह्यांनी झोपाळा पायाने थांबवला.

"हं," म्हणाले. "आहे."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"खटका हलवला की लागतो. दोन सेकंदांचं काम. एवढे मोठे इंजिनिअर तुम्ही. का नाही हलवलात?"

"हात धजला नाही," हे म्हणाले. "म्हटलं, ही जेवढं ऐकते तेवढंच आपण ऐकू."

"मूर्खासारखं बोलू नका! मला नाही ऐकू येत म्हणून तुम्ही का अर्धं ऐकायचं?"

बोलून गेले आणि लक्षात आलं, की दीड वर्षात हे वाक्य पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालंय. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते. ह्यांना रडताना मी आधी एकदाच पाहिलं होतं, सासूबाई गेल्या तेव्हा.

"मिरजेहून येताना पेठनाक्याला मी तुला तीनदा विचारलं, चहाला थांबायचं का," हे म्हणाले. "तीनदा, शैला. तू बाहेर ऊस बघत होतीस. माझी खात्री तिथे झाली. मला तुझा राग नाही आला. माझाच आला. बत्तीस वर्षं लोकांना सांगत फिरतोय, मला अमुक ऐकू येतं, तमुक ऐकू येतं. आणि माझ्या घरात, माझ्या शेजारी... कधी गेला गं? आणि मला सांगितलं का नाहीस? तुला वाटलं काय, मी तुला काय करणार होतो?"

"मला विचारायचं बंद कराल, असं वाटलं," मी म्हटलं. ते खरंच होतं, पण सगळं खरं नव्हतं.

सगळं खरं असं होतं. हे निवृत्त झाले त्याच महिन्यात दिवाणखान्यातले मोठे स्पीकर आले. बारा वर्षं पैसे साठवून घेतलेले. फाल्गुनातल्या एका रविवारी ह्यांनी सगळ्या मित्रांना जेवायला आणि ऐकायला बोलावलं होतं. अकरा माणसं. त्या सकाळी मी उठले ती उजव्या कानात शिट्टी घेऊनच, आणि शिट्टीपलीकडे काही नाही. वाटलं सर्दी उतरली असेल, नाहीतर मळ. लसणीचं तेल कोमट करून घातलं, कापूस कोंबला, वर केस ओढून घेतले आणि पुरणाला लागले. दुपारी सगळ्यांसमोर ह्यांनी मला खुर्चीत बसवलं. "थांबा, शैलाला विचारू!" अकरा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि ह्यांचा चेहरा तर असा, जणू लेकाचं लग्न आहे. मी अंदाजपंचे दाहोदरसे ठोकून दिलं, "उजवा स्पीकर बोटभर आत वळवा." ह्यांनी वळवला. सगळे म्हणाले, "वा! काय फरक पडला!" टाळ्या वाजवल्या. नंतर तीन आठवडे रोज कोणी ना कोणी ऐकायला यायचं, मी पोहे करायची आणि लसणीचं तेल घालायची. मग पुतणीचं निमित्त काढून कोल्हापूरला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. तपासून ते म्हणाले, "अहो, नस गेलीय. पहिल्या आठवड्यात आला असतात तर औषध देता आलं असतं. पुष्कळांचं थोडंफार परत येतं. आता उशीर झाला."

चूक माझीच. ह्यांनी मला धरून ठेवलं नव्हतं. मी एक शब्द बोलले असते तर सगळ्या पाहुण्यांना दारातून परत पाठवून ह्यांनी मला गाडीत घातलं असतं. पण ह्या माणसाला मी ओळखत होते. तारीख कळली असती की ह्यांनी तो रविवार मोजला असता, पुढचे तीन आठवडे मोजले असते, आणि जन्मभर त्या स्पीकरांकडे बघून स्वतःला खाल्लं असतं. बारा वर्षांची हौस एका दिवसात विष झाली असती.

"कधी गेला, शैला?" ह्यांनी परत विचारलं. आवाज बारीक झाला होता. "आपले मोठे स्पीकर आले तेव्हा..."

"छे हो!" मी म्हटलं. "मागच्या वर्षी गणपतीत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. उठले तर बंद."

"गणपतीत?"

"गणपतीत. आणि लगेच गेले मी डॉक्टरांकडे, दुसऱ्याच दिवशी, कोल्हापूरला. ते म्हणाले, ही नस अशीच जाते. आधी आलात काय, नंतर आलात काय, कुणाच्या हातात काही नसतं."

हे बोटांवर महिने मोजत होते. फाल्गुन, चैत्र, वैशाख. मी बघत होते. भाद्रपदाशी आले आणि थांबले.

"म्हणजे त्या रविवारी तुला ऐकू येत होतं?" ह्यांनी विचारलं. "तू म्हणालीस, बोटभर आत वळवा. ते ऐकून म्हणालीस?"

"मग काय न ऐकता? दोन्ही कान लख्ख होते माझे."

ह्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. मग चष्मा काढून शर्टाने पुसला, उठले, अँप्लिफायरपाशी गेले आणि खटका दोनदा खालीवर केला. तबकडी लावली. मला काही फरक कळला नाही. ह्यांच्या चेहऱ्यावर कळला.

"कोल्हापूरच्या त्या डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात परत जाऊ," हे म्हणाले. "मला भेटायचंय."

"ते गेले अमेरिकेला, लेकाकडे," मी म्हटलं. खोट्याला खोटं जोडावंच लागतं. आम्ही पुण्याच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तारीख विचारली, मी गणपती सांगितलं.

त्यानंतर हे नऊ वर्षं होते. माझ्या डाव्या बाजूला बसून ते रोज गाणं ऐकायचे आणि मला सांगायचे, तबला आता उजवीकडे आहे हं, सारंगी डावीकडे. नवा कोणी मित्र घरी आला की दिवाणखान्यात त्या रविवारची गोष्ट रंगवून सांगायचे. अकरा माणसं कशी बसली होती, शैलाने कसं ओळखलं, बोटभर वळवल्यावर कसा पडदा उघडल्यासारखा आवाज आला. शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणायचे, "तेव्हा हिचे दोन्ही कान चांगले होते." आणि माझ्याकडे बघायचे. मी दर वेळी हो म्हणायची.